बोट उचलेपर्यंत

पाठ टेकवून बसा. खुर्ची, पलंगाची कड, ओटीवरची चटई, जे जवळ असेल ते चालेल. हात मांडीवर ठेवा. उजव्या हाताची तर्जनी मात्र जरा मोकळी असू द्या, तिच्याकडे आज थोडे काम आहे. एक परिच्छेद वाचून झाला की लगेच पुढच्यावर उडी मारू नका. दोन श्वास जाऊ द्या, मग पुढे या.

आपल्याकडे ऐकण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: श्रवण, मनन, निदिध्यासन. ऐकलेले कानात शिरते ते श्रवण. ते मनात घोळवायचे, उलटसुलट करून पाहायचे, ते मनन. तिसऱ्या पायरीची आज घाई नाही. आपण मधल्या पायरीवर बसणार आहोत.

विषय देवळातला नाही, जत्रेतला आहे. १९८० नंतरच्या दोन-चार वर्षांत अमेरिकेतल्या थीम पार्कांत सिंथेसायझरचे आणि रॉकच्या वळणाचे संगीत वाजत होते. आइस्क्रीमची रांग, पोरांची रडारड, पाळण्यांचा खडखडाट, आणि त्या सगळ्यावर पसरलेले विजेचे सूर. असल्या गोंगाटावर कोणी मनन करत नाही, हे खरे. पण सूर उठतो कसा, थांबतो कसा आणि जातो कसा, हे सिंथेसायझर या विजेवर सूर घडवणाऱ्या यंत्राने सुट्टे करून समोर मांडले. मांडलेले आहे तर पाहून घेऊ.

जागा मनात पक्की करा. कॅलिफोर्नियातले अ‍ॅनाहाइम गाव, तिथले डिस्नेलँड, १९८१ चा उन्हाळा. मी तिथे कधी उभा राहिलेलो नाही. माझ्याकडे आहेत ती रेकॉर्डिंगे, आणि वाचलेले. तुमच्याकडेही बहुधा तेवढेच असेल. काही बिघडत नाही. मननाला तिकीट लागत नाही.

उठाव

डोळे मिटून दारावरची घंटी आठवा. कोणाच्या तरी बोटाने बटण दाबले, आणि घरभर आवाज उमटला. दाबण्याआधी काही नव्हते, दाबले आणि सगळे आले.

१९६४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रूमन्सबर्ग या छोट्या गावात रॉबर्ट मूग आणि संगीतकार हर्ब डॉइच एका यंत्रापुढे बसले होते. यंत्रातून सूर निघत होता, पण तो नुसताच वाहत होता. नळ उघडा राहावा तसा. त्याला सुरुवात नव्हती, शेवट नव्हता, म्हणून त्याला बोलता येत नव्हते. डॉइच यांना प्रत्येक सुराला तोंड हवे होते. मूग यांनी त्यांना दुकानात पाठवून दारावरच्या घंटीचे बटण आणायला सांगितले. बटण दाबले की सूर उठेल, सोडले की मावळेल, अशी जोडणी त्यांनी करून पाहिली. पुढे जगभर गाजलेल्या मूग सिंथेसायझरमधल्या एका महत्त्वाच्या भागाचे मूळ या बटणात आहे.

पुढल्याच वर्षी व्लादिमिर उसाचेव्स्की या संगीतकाराने सुराच्या आयुष्याचे चार भाग कसे करता येतील हे नेमके मांडून दिले. आज सिंथेसायझर वाजवणारा कोणीही ते चार शब्द पाढ्यासारखे म्हणतो: अटॅक, डीके, सस्टेन, रिलीज. आपल्या मननासाठी मी त्यांना उठाव, उतार, ठाव आणि सोडणे म्हणतो. सूर किती झटकन उठतो, तो उठाव. पहिली उसळी ओसरून तो किती वेळात खाली येतो, तो उतार. मग कळ दाबलेली असेपर्यंत तो जिथे राहतो, तो ठाव. आणि बोट उचलल्यावर तो विरत जातो, ते सोडणे.

हे चार भाग तुमच्या ओळखीचेच आहेत. तबल्यावरचा ‘ना’ आठवा: सगळा उठाव, ठाव जवळजवळ नाहीच. तंबोऱ्याची तार आठवा: बोट लागून गेले आहे आणि उतार किती तरी वेळ चालू आहे. पेटीचा सूर आठवा: भाता हलतो आहे आणि बोट पट्टीवर आहे तोवर तो एका जागी उभा. प्रत्येक वाद्य आपला एकच स्वभाव घेऊन जन्माला येते. हे यंत्र स्वभावाशिवाय आले. स्वभाव नॉब फिरवून द्यायचा.

आता एक धून. शब्दांत मी ती ऐकवू शकत नाही, चाल सांगतो. ‘बरोक होडाउन’ हे तिचे नाव. फ्रान्सचे जाँ-जाक पेरी आणि जर्मनीत जन्मलेले गर्शन किंग्जली या दोघांनी न्यूयॉर्कमध्ये १९६७ साली ती केली. नावातच दोन टोके आहेत. बरोक म्हणजे बाखच्या काळातली, राजवाड्यातल्या दालनांतली नाजूक वीण. होडाउन म्हणजे अमेरिकेच्या खेड्यातला फिडलवरचा नाच, पायाने धूळ उडवणारा. हार्पसिकॉर्डसारखे टोचणारे, टणत्कारी सूर नाचाच्या गतीने पळतात.

त्या काळचा मूग एका वेळी एकच सूर देत असे. दोन कळा एकत्र दाबल्या तरी सूर एकच. त्यामुळे एकेक ओळ वाजवायची, टेपवर उतरवायची, तिच्यावर दुसरी चढवायची, तिच्यावर तिसरी. पेरी तर टेपचे बारीक तुकडे कात्रीने कापून जोडण्यात तरबेज होते. ऐकताना जो उत्सव वाटतो, तो एकेका एकट्या सुराने रांगेत येऊन उभा केलेला आहे.

इथे थांबा. तर्जनी मांडीवर हलकेच टेकवा. एकदाच. टेकण्याच्या आधीचा क्षण आणि नंतरचा क्षण यांच्यामध्ये काय आहे ते पाहा. शोधले तरी फट सापडत नाही. उठाव पाहिला म्हणेपर्यंत तो होऊन गेलेला असतो. तरीही पियानोच्या सुराचा तेवढा पहिला तुकडा कापून टाकला, तर उरलेला सूर पियानोचा आहे हे कानाला ओळखणे अवघड जाते. जे पकडता येत नाही, त्यावरून आपण ओळखतो.

दोन श्वास.

उतार

आता १९८१ च्या डिस्नेलँडमधल्या टुमॉरोलँड भागात या. टुमॉरोलँड म्हणजे उद्याचा मुलूख. तिथे टुमॉरोलँड टेरेस नावाचे खाण्याचे ठिकाण आहे, आणि त्याच्यासमोर झाडाझुडपांची एक मोठी कुंडी दिसते. दिवसभर लोक तिच्याकडे बघत बर्गर खातात. मग कार्यक्रमाची वेळ होते आणि ती कुंडी वर सरकू लागते. कुंडीखाली रंगमंच आहे. जमिनीच्या पोटातून वाद्यवृंद वाजतवाजतच वर येतो.

१९८१ च्या उन्हाळ्यात त्या रंगमंचावरून हॅलिक्स नावाचा रॉक बँड वर येत असे. ‘स्टार वॉर्स’ येऊन चार वर्षे झाली होती, आणि अंतराळातला बँड कसा असेल याची ही डिस्नेची कल्पना होती. गायिका लोरा ममफर्ड. बास वाजवणारे रॉजर फ्रीलँड अंगभर केसाळ परग्रहवासी झालेले. कीबोर्ड वाजवणारे थॉम मिलर यंत्रमानवासारखे, चाकांच्या गाडीत बसलेले. तालवाद्यांवर बेडकासारखा एक प्राणी, मधूनच कोलांट्या घेणारा. आणि गिटारवर ब्रूस गाउडी. सोंगे बाजूला ठेवली तर खाली खणखणीत रॉक होते: ड्रमचा ठाम ठोका, कडकडणारी गिटार, वर कीबोर्डचे पसरट सूर.

त्या गिटारकडे नीट कान द्या, कारण आपला दुसरा भाग तिच्यात आहे. गिटार हे मुळात उताराचे वाद्य. तार छेडली, सूर उसळला, आणि लगेच ओसरायला लागला. रॉकच्या वादकांना हे ओसरणे मान्य नव्हते. त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरला झेपणार नाही इतका आवाज त्याच्यात ओतला. अ‍ॅम्प्लिफायर तेवढी उंची देऊ शकत नाही, म्हणून ध्वनिलहरीचे माथे आणि तळ सपाट छाटले जातात. त्यातून तो खरखरीत, करकरीत आवाज येतो. शिवाय आणखी एक होते. सुरुवातीची मोठी उसळी छाटली गेल्यामुळे मागून येणारा क्षीण भाग तिच्या बरोबरीने ऐकू येतो, आणि सूर पुष्कळ वेळ टिकल्यासारखा वाटतो. रॉकने उताराशी असे भांडण मांडले आणि बऱ्याच अंशी जिंकले.

आता गंमत पाहा. माथा नि तळ छाटलेली लहर कागदावर काढली तर ती चौकोनी दिसू लागते. सिंथेसायझरच्या पोटातला ऑसिलेटर चौकोनी लहर जन्मतःच देतो. त्याच्या शेजारी करवतीच्या दातांसारखी लहरही असते, तंबोऱ्याची जवारी खुलावी तशी भरगच्च, आणि फिल्टरने तिच्यातले नको ते काढून घ्यायचे असते. तेव्हा गिटारवाला आणि सिंथेसायझरवाला वरवर दोन टोकांना उभे दिसतात. एकाच्या अंगावर घाम आहे, दुसऱ्याच्या पुढ्यात तारांचे जंजाळ. पण एकाची लहर जखम होऊन जिथे पोचली, तिथे दुसऱ्याची जन्माला आली. त्या वर्षांतल्या पार्कांत ही दोन वाद्ये एकमेकांच्या शेजारी इतकी सहज नांदली, त्याचे एक कारण हेही असावे असे मला वाटते.

पुढच्याच वर्षी, जुलै १९८२ मध्ये, डिस्नेचा ‘ट्रॉन’ आला. त्याचे संगीत वेंडी कार्लोस यांचे, म्हणजे १९६८ मध्ये मूगवर बाख वाजवून ज्यांनी या यंत्राला घराघरांत नेले त्यांचे. त्यात सिंथेसायझर आणि लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंद एकत्र, आणि जोडीला जर्नी या रॉक बँडच्या दोन रचना. त्याच साली टुमॉरोलँडमधल्या पीपलमूव्हर या संथ गाडीच्या बोगद्यात ‘ट्रॉन’ची दृश्ये धावू लागली. पडदा आणि पार्क यांच्यात तेव्हा एवढेच अंतर होते.

पण हॅलिक्स तोवर नव्हता. तो एका उन्हाळ्यापुरता वाजला. रेकॉर्ड काढायचे ठरले होते, ती निघाली नाही. जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२० मध्ये, त्या उन्हाळ्यावर एक माहितीपट आला तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला त्याचे नाव कळले.

या ठिकाणी थोडे रेंगाळा. उसळी ओसरण्याचे तुम्हाला वाईट वाटते का? तुमच्या आयुष्यातला असा एखादा उन्हाळा आठवा, जो पुढच्या वर्षी आला नाही. मित्रांचा एखादा कंपू, नाटकाचा एखादा गट, जे काही असेल ते. त्याला लांबवण्यासाठी तुम्ही काय काय केलेत? आवाज वाढवलात का? काही माथे छाटलेत का? उत्तर कोणाला द्यायचे नाही. फक्त तारेकडे पाहा. ओसरणे हा तिच्यातला दोष नाही, तो तिचा आकार आहे.

दोन श्वास.

ठाव

१९८१ च्या त्याच उन्हाळ्यातली रात्र. तुम्ही डिस्नेलँडमधल्या मेन स्ट्रीटच्या पदपथावर उभे आहात. रस्त्यावरचे दिवे मालवले जातात. गर्दी क्षणभर गप्प होते. अंधारातून एक घोषणा येते, यंत्रातून गाळलेल्या आवाजात, आणि मग तीच धून, ‘बरोक होडाउन’.

मेन स्ट्रीट इलेक्ट्रिकल परेड पहिल्यांदा निघाली ती १७ जून १९७२ रोजी. लाखो बारीक दिव्यांनी मढवलेले चित्ररथ अंधारातून सरकत येतात. पहिल्या वर्षी संगीताची मांडणी जिम क्रिस्टेन्सन आणि पॉल बीव्हर यांनी केली. १९७७ मध्ये डॉन डॉर्सी या तरुण सिंथेसायझर वादकाच्या हातून ते नव्याने घडले, आणि ऐंशीच्या सुरुवातीला लोकांच्या कानात बसले ते हे रूप. मूळ धून करणाऱ्या पेरींना आपली चीज तिथे रोज रात्री वाजते आहे याचा बरीच वर्षे पत्ताही नव्हता.

डॉर्सी यांच्यापुढचा प्रश्न नीट समजून घ्या. मैफलीत श्रोते बसलेले असतात आणि सगळ्यांना एकच सुरुवात मिळते. इथे रस्ता लांब आहे, माणसे जागोजाग उभी आहेत, आणि चित्ररथ चालते आहेत. सिंड्रेलाचा रथ तुमच्यासमोर आहे तेव्हा पलीकडच्या कोपऱ्यावर ड्रॅगन पोचला आहे. प्रत्येकाला आपल्यासमोरच्या रथाची चाल ऐकू यायला हवी, आणि शेजारच्याची त्यात घुसून कालवाकालव होता कामा नये.

उत्तर असे निघाले. खाली एकच लय, एकच गती, सगळ्या रस्त्यावर सारखी. त्या लयीवर बसतील अशा सुरांत प्रत्येक रथाची धून बांधलेली. रस्ता ध्वनीच्या भागांमध्ये वाटलेला. रथ एका भागात शिरला की तिथल्या स्पीकरमधून त्याची धून वर येते, तो पुढे गेला की मागच्याची येते. खालची लय मात्र कुठेच तुटत नाही. तुम्ही कुठेही उभे राहा, कधीही येऊन मिळा, तुम्ही धुनीच्या मधोमधच असता.

आषाढात पालखीच्या वाटेवर तुम्ही कधी उभे राहिला असाल तर हे तुम्हाला ओळखीचे वाटेल. एक दिंडी येते, तिचा अभंग आणि तिचे टाळ घेऊन. ती पुढे सरकते, तिचा आवाज विरतो न विरतो तोच पुढच्या दिंडीचा मृदंग सुरू होतो. तिथे कोणी तारेने लय जुळवत नाही. दोन अभंग एकमेकांत मिसळतात, काही क्षण दोन्ही कळत नाहीत, आणि तेही चालते. एकीकडे श्रद्धेने चाललेली माणसे, दुसरीकडे पगारी नोकर आणि विकत घेतलेले तिकीट. दोन्हींची बरोबरी मला करायची नाही. वाटेकडेला उभ्या असलेल्या माणसाचा अनुभव तेवढा सारखा आहे: मी थांबलो आहे, सूर माझ्यावरून जात आहेत, आणि पायाखाली काहीतरी एक आहे जे जात नाही.

आता आपल्या यंत्राकडे परत या. मूगच्या त्या पेटीवर चार नॉब असत. उठावाच्या नॉबवर वेळ ठरवायची. उताराच्या नॉबवर वेळ. सोडण्याच्या नॉबवरही वेळ. सेकंदाच्या हजाराव्या भागापासून काही सेकंदांपर्यंत. ठावाच्या नॉबवर मात्र वेळ नाही. तिथे पातळी ठरवायची, म्हणजे सूर किती उंचीवर उभा राहील एवढेच. तो किती वेळ उभा राहील हे यंत्राला माहीत नसते. ते बोटाला माहीत असते.

हे वाक्य मी पहिल्यांदा नीट समजून घेतले तेव्हा वाचन थांबवून उठलो होतो. तुम्ही उठू नका. तर्जनी मांडीवर टेकवा आणि या वेळी तशीच राहू द्या. दाब देऊ नका. नुसती असू द्या. किती वेळ, ते ठरवू नका. घड्याळ दिसत असेल तर नजर तिथून काढा. टेकलेपणाची एक पातळी आहे, ती जाणवते का पाहा.

त्या काळच्या पार्कांनी हे नकळत साधले होते. १ ऑक्टोबर १९८२ रोजी फ्लोरिडात डिस्नेचे एपकॉट सेंटर हे पार्क उघडले. तिथे ‘वर्ल्ड ऑफ मोशन’मध्ये गाड्यांची साखळी न थांबता फिरे, आणि बडी बेकर नि एक्स अटेन्सिओ यांचे एकच गाणे देखाव्यागणिक पोशाख बदलून भेटे. कल्पनाशक्तीच्या मंडपात वरच्या मजल्यावर ‘स्टेपिंग टोन्स’ नावाची जागा होती. जमिनीवर रंगीत प्रकाशाचे ठिपके, आणि ठिपक्यावर पाऊल पडले की सूर उमटायचा. शेजारी एक विजेचा वाद्यवृंद, हवेत हात हलवून त्याला चालवायचे. पोरे त्या ठिपक्यांवर उड्या मारत. संगीतात त्यांना गती असो नसो, ती जोवर तिथे होती तोवर ते त्यांचे संगीत होते. त्याला पहिली ओळ नव्हती, समेवर येऊन संपणे नव्हते. होती ती एक पातळी, आणि तुम्ही तिथे असणे.

या संगीताला पुष्कळांनी नावे ठेवली. गोड गोड, यंत्रावर मळलेले, विक्रीसाठी केलेले. यातले खोटे काही नाही. पण ज्या संगीताने उभ्या माणसाकडून काहीच मागितले नाही, बसायला सांगितले नाही, उशिरा आल्याबद्दल डोळे वटारले नाहीत, त्याने त्याला कधीही येण्याची आणि कधीही जाण्याची मुभा दिली. एवढी मोकळीक आपल्या मैफलीही देत नाहीत.

दोन श्वास. बोट अजून तिथेच असू द्या.

सोडणे

जानेवारी १९८३. पुन्हा अ‍ॅनाहाइम. डिस्नेलँडसमोरच त्या गावाचे भले मोठे प्रदर्शनगृह आहे आणि तिथे वाद्यविक्रेत्यांचे वार्षिक प्रदर्शन भरले आहे. एका अमेरिकन कंपनीचा सिंथेसायझर, प्रॉफेट ६००, आणि एका जपानी कंपनीचा, रोलंड ज्युपिटर ६, हे दोन शेजारी ठेवून मध्ये एक केबल जोडली गेली. एकावर कळ दाबली, दुसराही वाजला. प्रतिस्पर्ध्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू लागली. त्या भाषेचे नाव मिडी. आज तुमच्या खिशातल्या फोनलाही ती कळते.

त्या केबलमधून आवाज जात नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. जातात ते निरोप. अमुक कळ दाबली, एवढ्या जोराने दाबली. आणि मग, ती कळ सोडली. एवढेच. दाबल्याचा निरोप आणि सोडल्याचा निरोप, दोन्ही वेगळे पाठवावे लागतात. दाबल्याचा पोचला आणि सोडल्याचा वाटेत हरवला, तर समोरच्या यंत्राला वाटते की बोट अजून खालीच आहे. सूर थांबतच नाही. वादक घाबराघुबरा होऊन कळा बडवतो, शेवटी यंत्र बंद करतो. वादक याला नोट अडकली म्हणतात.

अडकलेला सूर ऐकायला फार वाईट. पातळी तीच असते, ठाव तोच असतो, पण त्याला धरणारे बोट कधीच निघून गेलेले असते. मनातल्या काही सुरांचे असे होते. प्रसंग संपला, माणसे गेली, रंगमंच जमिनीत परत गेला, वरची झुडपे पहिल्यासारखी दिसू लागली. आपण मात्र सोडल्याचा निरोप पाठवायचा विसरलो. तुमच्याकडे असा एखादा सूर वाजतो आहे का? तो कोणता, एवढे फक्त ओळखा. आज त्याचे काही करायचे नाही.

सोडणे म्हणजे तोडणे नव्हे, हेही त्या चौथ्या नॉबने शिकवले. बोट उचलल्याबरोबर सूर कापला गेला तर कानाला चटका बसतो. म्हणून जाण्यालाही वेळ द्यायची असते, थोडी, जागेला शोभेल इतकी.

त्या पार्कांतले बरेच काही आता असेच विरले आहे. एपकॉटमधला ‘होरायझन्स’ हा भविष्याचा देखावा १९८३ मध्ये उघडला आणि १९९९ मध्ये बंद झाला, पुढे ती इमारतही पाडली. रंगीत ठिपक्यांचा तो वरचा मजला १९९८ मध्ये बंद झाला. रॉबर्ट मूग २००५ मध्ये गेले, पेरी २०१६ मध्ये, किंग्जली २०१९ मध्ये. दिव्यांची परेड अ‍ॅनाहाइममध्ये कित्येकदा थांबली आणि परत निघाली. २०२२ मध्ये, पन्नास वर्षांची झाल्याबद्दल, ती उन्हाळाभर निघाली, आणि धून तीच होती, एका वेळी एकच सूर देणाऱ्या यंत्रावर १९६७ मध्ये कात्री आणि टेपने जोडलेली.

ऐंशीच्या सुरुवातीला या आवाजात लोकांना उद्या ऐकू येत असे. आज त्याच आवाजात काल ऐकू येतो. सूर बदललेला नाही, त्याची लहर अजून चौकोनीच आहे. आपण रस्त्यावर पुढे सरकलो आहोत, एका ध्वनिभागातून दुसऱ्यात.

आता तुमची तर्जनी. ती अजून मांडीवर असेल. किती वेळ झाला हे मोजू नका, मोजण्याची ती जागा नव्हतीच. सावकाश उचला. उचलल्यावरही त्या जागी तिची ऊब थोडी उरते. ती जाईपर्यंत बसून राहा, मग आपापल्या कामाला लागा.